तवंदीचा घाट

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. आईला नव्हती, वडील गेले त्यांनाही नव्हती. आणि ज्याला ती कळायला हवी होती, त्या कल्लाप्पाला तर शेवटपर्यंत कळली नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही परके म्हणून? की सांगून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे मला बघावं लागणार नाही म्हणून? — दुसरंच कारण खरं असावं.

बेळगावात माझं नाव बरं आहे. टिळकवाडीत घर, कोर्टात वकिली, वकील वडिलांची पुण्याई. लोक म्हणतात, दोस्ती बघावी तर वकीलसाहेबांची आणि अनगोळच्या कल्लाप्पाची. पाय गेला त्याचा, पण यांनी त्याला अंतर दिलं नाही. असं कुणी बोललं की मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

कल्लाप्पा माझ्याबरोबर इंग्रजी शाळेत होता. अनगोळच्या शेतकऱ्याचं पोर. घरची भाताची जमीन, आखाड्यात कमावलेलं अंग, आणि हात असे की मोडलेलं काही दिसलं की शिवशिवायचे. विहिरीचा रहाट, मोटेचं चाक, शाळेच्या घंटेची साखळी — याच्याकडे आणून टाकायचं आणि हा मांडी घालून बसायचा. त्याची सायकलसुद्धा त्यानं जुन्या सामानातून स्वतः जुळवलेली. माझी मात्र नवी कोरी, विलायती. वडिलांनी घेऊन दिलेली.

दिल्लीची कल्पना माझी. हे नीट ऐका, कारण लोक उलटं समजतात. दुसरी मोठी लढाई लागायच्या चार-पाच वर्षं आधीची गोष्ट. त्या काळी पोरं सायकलीवरून लांबलांब जायची, त्यांची नावं छापून यायची, गावोगाव सत्कार व्हायचे. मला ते हवं होतं. एका संध्याकाळी दोस्तांच्यात बसलेला असताना मी बोलून गेलो — बेळगाव ते दिल्ली, मी आणि कल्लाप्पा. कल्लाप्पाला विचारलंही नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, "जाऊया की रं. त्यात काय हाय?" त्याला खरंच त्यात काही नव्हतं. मला होतं. पण ते मला तेव्हा कुठं माहीत?

संक्रांत होऊन गेल्यावर निघालो. हार घातले, भाषणं झाली, माझ्या वडिलांनी नारळ फोडला. कल्लाप्पाची आई अनगोळहून चालत आली होती. तिनं त्याच्याआधी माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, "तू शाणा हाईस बाबा. ह्येच्याकडं बघ." मी होय म्हणालो.

काकती मागे पडली, वंटमुरी मागे पडली, आणि मला कळून चुकलं. कसं सांगू? पाय दुखले, मांड्या सोलवटल्या, ते तर होणारच. पण ते नव्हे. खडीचा पांढरा रस्ता पुढे पसरलेला, आजूबाजूला कुणी नाही. पुणं, नाशिक, मग ते घाट, ती जंगलं, अनोळखी गावं — महिनोन् महिने असंच? मला घरी जायचं होतं. बाविशीतला पुरुष, गळ्यात अजून झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, आणि पहिल्याच दिवशी मला आईकडं जायचं होतं. कल्लाप्पा पुढे गात चालला होता.

संकेश्वरला धर्मशाळेत उतरलो. सकाळी कल्लाप्पा हिरण्यकेशीवर अंघोळीला गेला. माझं अंग ठणकत होतं, म्हणून मी मागे राहिलो. ओसरीवर दोन सायकली आणि मी. सामानाच्या पिशवीत त्याची स्पोक आवळायची चावी होती.

मी आजारी पडल्याचं सोंग घेऊ शकलो असतो, नाही का? पण मग लोक म्हणाले असते, वकिलाचं पोर दुसऱ्या दिवशीच गळाठलं. सायकल मोडली तर कुणाचाच दोष नाही. प्रवासी सर्व्हिसच्या मोटारीत सायकली टाकायच्या, परत यायचं, चार दिवस हळहळायचं, संपलं. एवढंच माझ्या डोक्यात होतं. यापेक्षा जास्त काही नव्हतं — हे मी सुटका म्हणून सांगत नाही, होतं तेवढंच सांगतोय.

मी माझ्या सायकलीच्या पुढच्या चाकाचे स्पोक एका बाजूनं ढिले केले. मग सायकल आडवी करून चाक ओसरीच्या पायरीत अडकवलं आणि अंगाचा भार टाकला. रिम वाकली. आणखी थोडा भार टाकला — कशाला टाकला? तेवढं वाकणं पुरलं असतं. 'कट्' असा बारीक आवाज आला. रिमच्या जोडापाशी चीर गेली होती. केसाएवढी. पण ताजी, आतून चकाकणारी. आदल्या दिवशी एखाद्या खड्ड्यात गेली असती तर धुळीनं काळवंडली असती. कल्लाप्पानं ती पाहिली असती तर त्याला एका नजरेत कळलं असतं की हे आज झालंय आणि हातानं झालंय. म्हणून मी साखळीचं वंगण बोटावर घेतलं, त्यात धूळ मिसळली आणि चिरेवर फासली.

तो ओल्या केसांनी परत आला. मी म्हणालो, काल हत्तरगीच्या पुढं तो खड्डा लागला ना, त्यात गेलेलं दिसतंय. त्यानं चाक फिरवून बघितलं. केवढं वाकडं फिरत होतं! चिमट्याला दोन्हीकडनं घासत होतं. मला वाटलं, आता हा म्हणेल, झालं, परत जाऊया.

तो मांडी घालून बसला. चाक काढलं, जमिनीवर आडवं ठेवलं, त्यावर पाय देऊन हळूहळू दाबत गेला. मग एकेक स्पोक आवळत, फिरवत, पुन्हा आवळत. मी समोर बसून बघत होतो. ऊन ओसरीवर आलं तरी त्याचं चाललं होतं. धर्मशाळेतली दोन माणसं कौतुकानं उभी राहिली. मध्येच मान वर न करता त्यानं विचारलं, "आनि कुठं मार लागलाय काय रं? रिम समदी बगितलास न्हवं?"

आणि मी म्हणालो, "बघितली. बाकी काही नाही."

त्यानं माझ्या शब्दावर भरवसा ठेवला. चाक बसवलं, फिरवून दाखवलं. नवं असावं तसं फिरलं. मी चढायला पुढे झालो तर त्यानं हँडल धरलं. "तू माझी घे. पुढं तवंदीचा घाट उतरायचा हाय. निपाणीत कुनालातरी दावूया, तवर ही माझ्याकडं असू दे."

मी त्याची सायकल घेतली.

संकेश्वर ते तवंदी हा रस्ता मी त्यानंतर कितीदा तरी मोटारीनं गेलोय. कोर्टाच्या कामासाठी जावं लागतं. तो मला कधीच एवढा लांब वाटला नाही. त्या दिवशी मी त्याच्या मागून चाललो होतो आणि माझे डोळे फक्त पुढच्या चाकावर होते. कुठंतरी सपाटीवर ते कुरकुरेल, वाकेल, तो उतरेल — मी वाट बघत होतो. ते कुरकुरलं नाही. चढावर नाही, कणगल्याच्या खडीवर नाही.

घाटाच्या तोंडाशी, जैन बस्तीच्या देवळाजवळ आम्ही पाणी प्यायला थांबलो. खाली निपाणी दिसत होती, तंबाखूची पिवळी पडलेली शेतं दिसत होती. वाऱ्यालासुद्धा तंबाखूचा वास. कल्लाप्पा खूष होता. चाकावर थाप मारून म्हणाला, "लई ग्वाड चाललंय बग. निपाणीत कशाला दावायचं? असंच जाऊ दिल्लीला."

तेव्हा सांगता आलं असतं. चीर आहे, एवढे दोन शब्द. कशी पडली ते न सांगतासुद्धा सांगता आलं असतं — आत्ता दिसली रे, असं म्हणून. किंवा नुसतं, घाट चालत उतरूया, माझे पाय दुखतायत. त्यानं ऐकलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण मग त्यानं वाकून बघितलं असतं, बोटानं वंगण पुसलं असतं, आणि माझ्याकडं बघितलं असतं. त्या बघण्याला मी भ्यालो. मी तोंड पुसलं आणि म्हणालो, "चल."

तो पुढे गेला. उतार त्याला आवडायचा. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. निपाणीला तंबाखू घालून रिकाम्या झालेल्या बैलगाड्या रांगेनं वर चढत होत्या, घुंगरांचा आवाज येत होता. तिसऱ्या वळणावर त्याची सायकल बाजूला झुकली, आणि पुढचं चाक — पोळी दुमडावी तसं दुमडलं. तो हँडलवरून गाडीच्या समोर जाऊन पडला. बैल बुजले आणि पुढं ओढले. लोखंडी धावेचं चाक त्याच्या उजव्या गुडघ्यावरून गेलं.

तो ओरडला नाही. मी जवळ गेलो तेव्हा तो आपल्या पायाकडं असं बघत होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

गाडीवान भला माणूस होता. कन्नडमध्ये देवाचं नाव घेत त्यानं आपलं धोतर फाडून पाय बांधला, दुसऱ्या गाडीवाल्यांना बोलावलं, गाडी निपाणीकडं वळवली. सगळ्यांनी मिळून त्याला उचललं. आता गाडीत त्याच्या उशाशी कुणी बसायला हवं होतं. कल्लाप्पानं माझा हात धरला होता. मी तो सोडवला. म्हणालो, "तुम्ही चला पुढं. सामान गोळा करतो आणि आलोच."

सामान. तुम्हाला समजलं का मी का थांबलो?

गाड्या वळणाआड झाल्यावर मी ते चाक चिमट्यातून काढलं. रिम जोडापाशी दुभंगली होती. अर्ध्या तुटक्या भागावर नवी चकाकी होती आणि अर्ध्यावर माझं वंगण. दोन रंग. आंधळ्यालाही समजलं असतं. मी ते चाक घेऊन कठड्याशी गेलो आणि खाली दरीत भिरकावलं. करवंदीच्या जाळीत कुठंतरी अडकल्याचा आवाज आला. मग खाली मान घालून सामान गोळा केलं. खालून, खूप खालून, तो मला हाका मारत असल्यासारखं वाटलं. खरंच मारत होता. गाडीवानानं नंतर सांगितलं, वाटभर तुमचंच नाव घेत होता.

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याच्या वरून कापला.

मी पंधरा दिवस तिथं राहिलो. त्याच्या आईला, भावाला घेऊन आलो. औषधपाण्याचं बघितलं, त्याला भरवलं, धुतलं. सगळ्यांनी बघितलं. माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा माणूस झाला, असं त्यांनी आईला सांगितलं म्हणे. ते सगळं मी मनापासून केलं. पण मनापासून केलेली गोष्ट खरी असतेच असं कुठं आहे?

शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी, त्याची आई बाहेर गेलेली असताना, कल्लाप्पानं मला जवळ बोलावलं. त्याचा आवाज खोल गेला होता.

"माझ्याच हातानं चाक नीट बसलं न्हाय बग," तो म्हणाला. "तुजं दिल्लीला जानं मोडलं माझ्यापायी. हार घालून काडलं व्हतं तुला. माफ कर मला."

मी काय म्हणालो असेन? तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

मी म्हणालो, "असू दे, कल्लाप्पा. मी मनात काही धरलेलं नाही."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

त्याचं लग्न खानापूरकडच्या एका मुलीशी ठरलं होतं. त्या लोकांनी निरोप पाठवला आणि ते मोडलं. आखाडा संपला. भाऊ शेत बघायचा, हा कुबडी घेऊन बांधावर बसायचा आणि भातावरची पाखरं हाकायचा. हे सगळं वाईटच, पण माणसं याहून वाईटातून तगतात. मला जे बघवेना ते वेगळं होतं. त्यानं हातांनी काही दुरुस्त करायचं सोडलं. मोट बिघडली, भावानं म्हटलं, जरा बघ, तर म्हणाला, "नगं. माज्या हाताचं काय खरं न्हाय." शेजारच्या पोरीच्या पाळण्याची कडी निसटली होती, ती त्याच्याकडं घेऊन आली. तो कडीला हात लावेना. पाय त्याचा गाडीच्या चाकानं नेला. हात मी नेले.

मी जात राहिलो. दर दसऱ्याला सोनं घेऊन, दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन. नवं भात निघालं की त्याची आई पहिलं मापटं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायची. "तू येतोस म्हनून त्यो बोलतो तरी," असं म्हणायची. तो तांदूळ आमच्या घरी शिजायचा. वास घरभर जायचा. मी जेवायचो.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. इथवरचं मी भिऊन केलं. तरुण होतो, घाबरलो होतो. हे असं म्हणता येतं. मी स्वतःशी कितीतरी वर्षं तसंच म्हणत आलो. पुढचं मात्र भिऊन केलेलं नाही.

लढाई संपत आली होती त्या सुमाराला, सुगीच्या दिवसात, मी एका दुपारी अनगोळला गेलो होतो. वकिली चांगली चालत होती, दोन मुलं होती. आम्ही दोघंच बांधावर होतो. पलीकडे भात कापणाऱ्या बायका बोलत होत्या. कल्लाप्पा कुबडीनं बांधावरची माती उकरत होता. मग समोर बघत म्हणाला, "एक इचारू काय, अण्णा?" वकील झाल्यापासून तो मला अण्णा म्हणायचा. माझ्याच वयाचा तो.

"त्या दिशी तू समोर बसलावतास. मी चाक बसवताना बगत व्हतास. माज्या मनात समदं अजून हाय, कुटला स्पोक कसा आवळला त्ये. मला कुटं चुकल्यालं गावत न्हाय. कितींदा आटवून बगितलं. तू खरं सांग. मी ढिलं ठेवलंतं काय?"

त्याचा आवाज साधा होता. आरोप नव्हता त्यात, शंका नव्हती. इतकी वर्षं तो माणूस मनातल्या मनात ते चाक उघडत होता आणि पुन्हा बसवत होता. आणि प्रत्येक वेळी ते नीटच बसत होतं. त्याला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं की होय, नीटच बसलं होतं.

आता मला कशाचं भय होतं? पोलीस? इतक्या वर्षांनी? तो मारेल? एका पायावर? मला वाटतं, चाकाबद्दल सगळं सांगायचीही गरज नव्हती. 'तुझी चूक नव्हती' एवढ्या तीन शब्दांनी भागलं असतं. पण ते म्हटलं असतं तर त्यानं पुढं विचारलं असतं — मग कुणाची? आणि माझं घर, माझं नाव, ती दुपार, तो वर्षाचा तांदूळ — हे सगळं मला तसंच हवं होतं. मी शांतपणे विचार केला. साक्षीदाराला उत्तर शिकवताना करतो तसा. आणि म्हणालो —

"आता तू विचारतोस म्हणून सांगतो. एका बाजूला थोडं ढिलं राहिलं असावं. मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

तो हळूहळू मान हलवत राहिला. मग म्हणाला, "व्हय. तसंच असल." थोड्या वेळानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "लई वर्सं झाकून ठेवलास माझ्यासाठी. उपकार झाले तुजे."

त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. गेल्या पावसाळ्यात विषमज्वरानं गेला. आठ दिवस तापात होता. मी दोनदा जाऊन बसलो. त्याला शुद्ध होती, मला ओळखत होता. बोलायला वेळ होता, जागा होती, दोन्ही वेळा आम्ही दोघंच होतो. मी त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवली आणि घरी आलो. तिरडीला पहिला खांदा भावाचा, दुसरा माझा. भावानंच पुढं बोलावलं.

मागच्या आठवड्यात अनगोळच्या बाजारात गेलो होतो. रताळ्याच्या गाडीचा आस निसटला होता. दोन तरुण पोरं तो ठोकून बसवत होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "नीट ठोक रं. न्हायतर कल्लाप्पाचं चाक व्हईल." मी विचारलं, हे काय म्हणालास? तो म्हणाला, असंच म्हणतात इथं. कायबी कच्चं बसवलं की. तो गावात नवा होता, कल्लाप्पा कोण ते त्याला माहीत नव्हतं. अनगोळात ती म्हण झाली आहे. त्याच्या भावाची पोरंसुद्धा ती म्हणत असतील.

दोघं हसून माझ्याकडं बघत होते. मीही हसलो आणि रताळी घेऊन घरी आलो.